नाबोरचा आठवडा

शनिवार, २ फेब्रुवारी २००८

नाबोर,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहिला असं समज.

मी तुझ्याशी बोलणार नाही असं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि मी शब्द पाळते. काही लोकांना ते जमत नाही. हे बोलणं नाही, लिहिणं आहे. टपालात टाकीन की नाही तेही माहीत नाही. खोलीतल्या टेबलाच्या खणात कोरे कागद आणि पेन फुकट ठेवलेत, फिदेलिया पाण्यात डुंबायला गेली आहे, आणि दुपारपासून जो संताप साठलाय तो कुणाच्या तरी अंगावर ओतायला हवा. आठवडा तुझा आहे, तर माणूसही तूच.

मी इथं तुझ्यासाठी आलेली नाही, हे आधी लिहून टाकते. तुझी धर्ममाता फिदेलिया महिनाभर गिरणीत येऊन माझ्या डोक्याशी बसली. "कोमाद्रे ओतिलिया, पोरानं वर्षातला एक आठवडा विकत घेतलाय. समुद्राकाठच्या हॉटेलात. खाणंपिणं सगळं त्यात. सात वर्षं झाली, कधी त्याच्या बायकोच्या चुलतबहिणी जातात, कधी कुणीच जात नाही. यंदा आपण जाऊ." मी म्हटलं, मका कोण दळणार? ती म्हणाली, "गावानं एक आठवडा दुकानातल्या भाकऱ्या खाल्ल्या तर मरणार नाही." विकत घेतलेलं वाया जाऊ देणं मला सोसत नाही, एवढंच कारण. कोम्पोस्तेलाहून बस धरली, दोन तास घाटात फिदेलियाच्या ओकाऱ्या सांभाळल्या, आणि आलो.

आज कांदेलारियाचा सण. गावात घराघरांतून मक्याच्या पिठाचे तामाल उकडल्याचा वास येत असेल. आणि मी इथं, जिथं दारात पाऊल टाकताच एका पोरीनं हातात निळं सरबत दिलं. निळं! देवानं खायची एक तरी वस्तू निळी केली आहे का? आपला निळा मका सोडून.

मग मनगटात पट्टा अडकवला. प्लॅस्टिकचा, जांभळा. कात्रीशिवाय निघत नाही. आमच्या वासरांच्या कानात बिल्ला मारतात तेव्हा ती निदान ओरडतात. फिदेलिया हात पुढे करून हसत होती. काउंटरवरच्या पोरीनं अजून एक पट्टा काढून ठेवला आणि विचारलं, "तिसरे पाहुणे कधी येणार? सेन्योर नाबोर बाराहास?"

मी म्हटलं, "तो येणार नाही."

"पण बुकिंगमध्ये नाव आहे. दरवर्षी असतं."

"आणि दरवर्षी येत नाही ना? त्यात तो पटाईत आहे."

पोरगी गोरीमोरी झाली आणि पट्टा खणात टाकला. नाव कशाला घालतोस रे? लोकांच्या पोरींना कामाला लावायला?

रविवार, ३ फेब्रुवारी

जेवणघर बघितलं. तुला बघायला मिळालेलं नाही, तर ऐक.

लांबच लांब टेबलं. डुकराचं मांस, बकऱ्याचं, तीन प्रकारचे मासे, केक, जेली, परत मांस. एक गोरी ग्रिंगो बाई ताटात सात पदार्थ वाढून घेते, प्रत्येकाला एक काटा टोचते, ताट सरकवते, दुसरं आणते. बाजूला तिचा नवरा तेच करतो. वाढप्याला विचारलं, "हे जातं कुठं?" तो म्हणाला, "कचऱ्यात, माय. आम्हाला हात लावायची परवानगी नाही." "डुकरांना तरी?" "डुकरांनाही नाही." तुझ्या बापानं भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून त्याचं चुंबन घेतलं असतं. इथं एक पोरगं भाकरीच्या चकत्या करून मोठ्या सरड्यांवर फेकत होतं आणि आईबाप फोटो काढत होते.

भाकरी म्हटलं खरं, पण ती भाकरी नव्हे. कापड आहे. सदतीस वर्षं मी चुन्याच्या पाण्यात मका उकडून दळते, डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगीन की पीठ कालचं आहे की आजचं. हे कुठल्याच दिवसाचं नाही.

फिदेलिया मात्र खुशीत. सकाळी पाच वेळा उठली वाढून घ्यायला. "खा गं कोमाद्रे, पोरानं शिकागोत लोकांची छपरं घालून घाम गाळलाय यासाठी."

"म्हणूनच उतरत नाही घशाखाली," मी म्हटलं, आणि मग माझं मलाच वाईट वाटलं, कारण तसं म्हणायचं नव्हतं.

पोहायच्या तलावाच्या मधोमध दारूचा ओटा आहे. बाया-बाप्ये सकाळी दहाला पाण्यात उतरतात, ओट्याला टेकून पीत बसतात आणि उन्हं कलल्यावर निघतात. या एवढ्या वेळात एकालाही संडासाकडे जाताना मी पाहिलं नाही. पाण्यावर तेलाचा तवंग असतो, प्रत्येकाच्या अंगाचा. फिदेलिया त्यात तोंड बुडवून येते आणि म्हणते, पाणी कसं छान कोमट आहे. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

सोमवार

आज माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली. ती सांगणार नव्हते.

किनाऱ्यावर एक दोर बांधला आहे. दोराच्या अलीकडे पट्टेवाले, पलीकडे विकणारे. विकणाऱ्यांनी दोर ओलांडायचा नाही. ते कडेला उभे राहून ओरडतात, आणि पट्टेवाले खुर्चीत पडून नुसती मान हलवतात. या खुर्च्यांवर पहाटेच येऊन टॉवेल टाकून जातात आणि परत झोपतात. दहा वाजेपर्यंत खुर्च्यांवर टॉवेल झोपलेले असतात, माणूस एक नाही.

मला पलीकडे एक बाई दिसली, टोपलीत चिंचेच्या गोळ्या घेऊन. मी जाऊन चार घेतल्या, दोन गोष्टी बोलले. परत दोराखालून वाकून येत होते तर रखवालदार धावत आला. "आई, आई! विकणाऱ्यांनी पलीकडेच!" हातात चिंचेच्या गोळ्या, अंगावर माझा निळा झगा, पायात चपला. तो तरी काय समजणार?

मी मनगट वर केलं. पट्टा दाखवला. तो शरमला, "माफ करा, सेन्योरा, माफ करा," म्हणून हात धरून मला आत घेतलं. आणि नाबोर, मला बरं वाटलं. त्या चिंचवालीच्या देखत मला आत घेतलं याचं बरं वाटलं. तिच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. खोलीत येऊन मी पट्टा दातांनी तोडायचा प्रयत्न केला. तुटत नाही.

तुझ्या वस्तूंनी माणूस असा होतो. टीव्ही पाठवलास तेव्हाही शेजारणीला मुद्दाम खिडकी उघडी ठेवून दाखवला होता मी.

मंगळवार

इथं खोली झाडायला मारिक्रूस नावाची मुलगी येते. आपल्या बाजूचीच निघाली, लास बारास रस्त्यावरच्या वस्तीतली. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवते. पहिल्या दिवशी मी तिच्या आधी उठून पलंग आवरला, फरशी पुसली, हंस मोडून टॉवेल घडी करून ठेवले. काल ती दारात रडकुंडीला येऊन उभी. "मावशी, असं नका करू. हंस नसला तर मुकादमीण लिहून ठेवते की मी खोलीत आलेच नाही." म्हणजे मी मदत करायला गेले आणि तिची रोजी कापली जाणार होती. आता मी आवरलेला पलंग पुन्हा विस्कटून ठेवते. सासष्टाव्या वर्षी हे शिकायचं राहिलं होतं.

तिचा बाप गेल्या पावसाळ्यात गेला. तिला दोन दिवसांची सुटी मिळाली. ती गेली, पुरून आली, तिसऱ्या दिवशी परत हंस.

मी काय म्हणते ते तुला कळतंय. दोन दिवसांत माणूस जाऊन येतो.

माहीत आहे, तुझं तसं नाही. इकडे यायला तुला कुणी अडवत नाही, पण परत जायला पुन्हा चोरून ते वाळवंट, पुन्हा सीमेवरचे ते दलाल, आणि पलीकडे येसेनिया आणि दोन लेकरं. हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण बाप मेला होता, नाबोर. दारात फुलांचं चक्र आलं, माणसाएवढं, त्यावर सोनेरी अक्षरात तुझं नाव. मागोमाग सहा गाणारे, टोप्या घालून. कुणी बोलावलं म्हणून विचारलं तर म्हणाले, शिकागोहून पैसे भरलेत. लोक म्हणाले, काय पोरगा आहे! मला ओकारी आली. उंटावरून शेळ्या हाकणारा पोरगा.

संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी जे म्हणाले ते तुला आठवत असेल. मलाही आठवतं. आज दोन माणसं पुरली, असं म्हणाले.

मी ते मागे घेणार नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. उपासाला सुरुवात. सकाळी सातला फिदेलियाला ओढून गावातल्या चर्चमध्ये नेलं, कपाळावर राख लावून घेतली. परत आलो तर इथं खारवलेल्या डुकराचे ढीग. वाढप्यांच्या, झाडणाऱ्यांच्या कपाळावर राख, हातात डुकराची ताटं.

आता नीट लिहायला हवं. 

फिदेलियाला बोटीतून देवमासे बघायचे होते. ती फेरी फुकट मिळते, पण त्यासाठी सभासदांच्या बैठकीला बसावं लागतं. नव्वद मिनिटं, नाश्ता वेगळा, खास. रविवारपासून माझ्या मागे लागली होती. मी म्हटलं चल, नाहीतरी उपास आहे, बसते तुझ्याजवळ.

गार हवेची खोली, गोल टेबलं, एकेका टेबलाशी एकेक विकणारा. आमच्या वाट्याला आलेल्याच्या छातीवर पाटी, 'रिक'. केस तेलानं चापून बसवलेले, कपाळावर राखेचा क्रूस.

"आईनं रिक ठेवलं?" मी विचारलं.

हसला. "रिगोबेर्तो, सेन्योरा. तेपिकचा मी. पाटीवर मावत नाही."

बोलायला गोड. तुझं कौतुक केलं, माझ्या तब्येतीचं केलं, फिदेलियाच्या कानातल्यांचं केलं. म्हणाला, आठवड्याचे दोन आठवडे करा, दर्जा वाढवा, नातवंडांच्या नातवंडांपर्यंत चालेल. मग फाइल उघडली, तुझं नाव वाचलं आणि स्वतःशीच हसला. "अच्छा, हे ते होय. पत्रवाले."

"कसलं पत्र?"

"काही नाही, सेन्योरा. तिकडे शिकागोत विक्री करणारे जेवणाच्या बैठका घेतात ना, काहीबाही सांगतात. कागद नसलेल्यांना सांगतात की सभासद झालात की कंपनी प्रवासाचं पत्र देते, विमानतळावर दाखवा, या आणि परत जा. लोक बिचारे विश्वास ठेवतात. दर साली चार-सहा निघतात असे." आणि फिदेलियाला म्हणाला, "पपई घ्या ना अजून."

मी चष्मा लावला आणि त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला. तो "अहो, अहो" म्हणाला, पण मी ओढला. त्यावर तारीखवार शेरे होते. तुझे फोन. दरवर्षी जानेवारीत एक. 'सभासद प्रवासाच्या पत्राची चौकशी करतो. प्रक्रियेत आहे असे सांगितले.' 'सभासद पत्राची चौकशी करतो. आई-वडिलांसोबत आठवडा घालवण्याची इच्छा. प्रक्रियेत आहे असे सांगितले.' खाली वेगळ्या अक्षरात कुणीतरी लिहिलेलं, 'नाही म्हणू नये, सभासदत्व रद्द करेल.'

आणि मग ९ मार्च २००६. सकाळी सव्वानऊ, सभासदाचा फोन, वडील वारले, पत्र आज हवे. अकरा वाजून दहा मिनिटं, पुन्हा फोन, सभासद विमानतळावर आहे. दुपारी तीनला दहा कमी, पुन्हा फोन, सभासद रडतो आहे. लेखी अर्ज करावा, सहा आठवड्यांत उत्तर मिळेल, असे सांगितले.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसत नव्हती.

तू विमानतळावर गेला होतास.

रिगोबेर्तोनं कागद हळूच परत घेतला. माझ्याकडे बघितलं. आणि तो किती तयारीचा होता बघ, माझा चेहरा बघून त्याला काय कळलं ते मला त्याच क्षणी कळलं. खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात म्हणाला, "सेन्योरा ओतिलिया, वरच्या दर्जाच्या सभासदांसाठी निराळा विभाग आहे. तिथं विचारता येईल. खात्री नाही देत, पण विचारता येईल." आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

आत्ताच तो हसून सांगत होता की असं पत्र नसतं. माझ्यासमोर. दहा मिनिटांपूर्वी. आणि तरी, नाबोर, मी पेन उचललं. तुझ्या आईनं, जिला बाजारात एक दाणा कुणी कमी देऊ शकत नाही तिनं. तो खोटं बोलतोय हे मला माहीत होतं आणि माझा हात पुढे गेला. तुझा कसा गेला असेल ते मला तेव्हा समजलं.

फिदेलियानं तोंडातली पपई गिळायच्या आधी माझ्या हातातून पेन हिसकावलं. एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाकीची टेबलं गप्प झाली. "ए रिगोबेर्तो! आधी कपाळावरची राख पूस, मग लोकांना फसव!"

आणि तो पुसायला लागला रे. रुमाल काढून, तिथंच. मला आयुष्यात कशाची इतकी शिसारी आली नव्हती. 

गुरुवार

देवमाशांची फेरी मिळाली नाही. फिदेलियानं तिचं नावही काढलं नाही. आम्ही काल दिवसभर एकमेकींशी बोललो नाही, कारण खोलीत आल्यावर मी तिच्याकडे बघितलं आणि मला दिसलं की तिला नवल वाटलेलं नाही.

आज ती तलावावरून आली तेव्हा मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"होतं."

"दोन वर्षं माझ्या गिरणीत बसून माझी भाकरी खाल्लीस आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस?"

"त्यानं शपथ घातली होती, ओती. मी त्याला चर्चमध्ये हातात धरलाय, शपथ मोडू कशी? म्हणाला, माद्रिना, आईला मी वाईट वाटलो तर चालेल, मूर्ख वाटायला नको."

मी तिला नाही नाही ते बोलले. ती पलंगावर बसून ऐकत राहिली, अंगावर ओला पोहण्याचा पोशाख, पाणी टपटपत होतं गादीवर. मग म्हणाली, "झालं बोलून? आता मी बोलते. तो येऊ शकत नाही. तू जाऊ शकतेस. गिरणी तुझ्या नावावर, घर तुझ्या नावावर, वय सासष्ट. ग्वादालाहाराच्या कचेरीत तुझ्यासारखीला आंधळा माणूसही व्हिसा देईल. मला दिला ना? तीनदा जाऊन आले मी. तीनही वेळा तुला म्हटलं, चल. काय म्हणालीस?"

मी चपला शोधायला लागले.

"मी सांगते काय म्हणालीस. जो गेला त्यानं यावं."

"गप गं."

"गप कशाला? त्याला एका ठगानं फसवलं. तुला कुणी फसवलं?"

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. मारिक्रूस गाडा ढकलत आली, तिचं कपाळ स्वच्छ होतं. काल मुकादमिणीनं सगळ्यांना पुसायला लावलं, म्हणाली, पाहुणे विचारतात हा डाग कसला. तिनं मला एक टॉवेल दिला आणि पुढे गेली.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

नाबोर,

उद्या सकाळी निघायचं. आता शेवटचं लिहिते आणि हे सगळे कागद एकत्र पाठवते. वरचं काही खोडणार नाही. मी तुला काय काय म्हणाले ते तुझ्याजवळ राहू दे, म्हणजे पुढचं खरं वाटेल.

पहिली गोष्ट. ते पत्र नाही. कधी नव्हतं, कधी येणार नाही. प्रक्रियेत काही नाही. फिदेलिया म्हणाली हे तुला कळवू नकोस, तेवढी तरी आशा राहू दे पोराला. मी रात्रभर विचार केला. पण असल्या आशेवरच या कंपनीवाल्यांचं दुकान चालतं. तुला हे कळवायला दुसरं कुणी नाही, ते तर कळवणारच नाहीत, म्हणून मी कळवते. रड, शिव्या दे, भिंतीवर काय आपटायचं ते आपट, पण पुन्हा वाट बघू नकोस.

आणि मूर्ख तू नाहीस. एकोणिसाव्या वर्षी गेलेलं पोर आईबापाबरोबर एक आठवडा मागत होतं, त्याला मूर्ख म्हणणारी जीभ झडो. माझं म्हणणं मी मागे घेते. दोन माणसं पुरली असं म्हणाले ते. मंगळवारी लिहिलं की घेणार नाही, तेही मागे घेते.

दुसरी गोष्ट लिहायला सोपी नाही. फिदेलियालाही ती माहीत नाही.

तुझ्या बापाला यायचं होतं. दोनदा म्हणाला. पहिल्यांदा तुझी जास्मिन झाली तेव्हा. अंगणात बसून बूट पुसत होता, म्हणाला, "ओती, कागद करू या का आपण? जाऊन पोरांना बघून येऊ. मला त्याची ती छपरं बघायची आहेत." मी म्हटलं, तुला जायचं तर जा, माझ्या घरातून निघालास तर परत येऊ नकोस. एकट्यानं तो बाजारापर्यंत जात नव्हता, हे मला माहीत होतं. दुसऱ्यांदा म्हणाला तो आजारी पडायच्या आधीच्या नाताळात. तेव्हा मी नुसती भांडी आपटली. तो पुन्हा बोलला नाही.

म्हणजे त्याला कागद मिळाला असता. मलाही. तू गेल्यापासून चौदा वर्षं मिळाला असता. त्यानं तुला बघितल्याशिवाय डोळे मिटले ते वाळवंटामुळे नाही, दलालांमुळे नाही, त्या जेवणाच्या बैठकीतल्या ठगामुळेही नाही. माझ्या ताठ्यामुळे. आणि तुझं फुलांचं चक्र दारात आलं तेव्हा मी ते बघून एवढी पेटले, कारण कुणावर तरी पेटायला हवंच होतं. आठवडाभर इथल्या ताटांची, पाण्याची, माणसांची किळस लिहितेय. सगळी खरी आहे. पण सगळ्यात जास्त किळस कुणाची आली ते आता तुला कळलं.

सोमवारी फिदेलियाबरोबर ग्वादालाहाराला जाते. तिचा पुतण्या अर्ज भरून देणार आहे. ती म्हणते मुलाखतीत विचारतात, गेलात तर परत कशावरून याल? मी सांगणार, माझी गिरणी आहे, सगळं गाव भाकरीवाचून बसलंय. नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करीन. पुन्हा नाही म्हणाले तर त्या कचेरीच्या दाराशी ठाण मांडीन, मला ते चांगलं जमतं.

मला थंडी सोसत नाही, तेव्हा उन्हाळ्यात येईन. येसेनियाला सांग, पीठ विकत आणून ठेवू नकोस, मका आण, मी चुना घेऊन येते. मुलांना माझ्याविषयी काय सांगितलं आहेस माहीत नाही. जे सांगितलं असशील ते खरंच असेल.

येत्या जानेवारीत त्या लोकांना फोन करू नकोस. मला कर.

तुझी आई,
ओतिलिया